तुटलेल्या गुडघ्यात दुर्बीण

१९२९ साली बोस्टनच्या कॉटन आणि बर्ग या डॉक्टरांनी एका नव्या प्रकारच्या फ्रॅक्चरबद्दल लेख लिहिला. मोटारी रस्त्यावर येऊन दोन-तीन दशकंच झाली होती. त्या काळच्या गाड्यांचा बंपर साधारण माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर यायचा. रस्ता ओलांडणाऱ्याच्या पायाला तो बाहेरच्या बाजूने लागला, की गुडघा आत ढकलला जायचा आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग फुटायचा. लेखकांनी या दुखापतीला गाडीच्या भागाचंच नाव दिलं, ‘फेंडर फ्रॅक्चर’. पुढे डॉक्टरांच्या बोलण्यात ते ‘बंपर फ्रॅक्चर’ झालं. आज आपल्याकडे दुचाकी घसरून पडलेले, शिडीवरून कोसळलेले किंवा कारखान्यात उंचावरून उडी माराव्या लागलेले रुग्ण हेच फ्रॅक्चर घेऊन येतात.

यात नेमकं काय मोडतं, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोल उंचवट्यांचं असतं, तर नडगीच्या हाडाचं वरचं टोक सपाट असतं. हा सपाट भाग म्हणजे टिबियल प्लॅटो. त्यावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि दोन्ही हाडांच्या मध्ये, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. शरीराचं वजन एका हाडावरून दुसऱ्यावर पसरवून देणं हे त्यांचं काम. पायावर आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी जोर आला, की वरचा गोल उंचवटा खालच्या सपाट भागात घुसतो. ओल्या मातीत टाच रुतावी तसा तिथे खळगा पडतो. कधी हाडाची बाजूची कड उभी चिरते, कधी दोन्ही एकदम होतात. बाहेरची बाजू जास्त वेळा मोडते. गुडघा काही तासांत रक्ताने भरतो आणि टम्म सुजतो.

एक्स-रेवर हाड दिसतं. कूर्चा दिसत नाही, गादी दिसत नाही, हाडांना एकमेकांशी बांधणारं लिगामेंट दिसत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शल्यचिकित्सकासमोरची अडचण हीच होती. प्लास्टर घालून पाय महिनोन्महिने तसाच ठेवला, तर हाड जुळायचं, पण गुडघा आखडायचा. गुडघा उघडून खळगा वर उचलायचं ठरवलं, तर गादी आड यायची. मग खळगा दिसावा म्हणून ती गादीच कापून काढायची, असा रिवाज पडला. गादी ही फारशी उपयोगाची नाही, असा तेव्हाचा समज होता. १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले. सांध्यातली जागा कमी होत गेलेली आणि हाडाच्या कडा बदललेल्या त्यांना दिसल्या. म्हणजे दुरुस्तीची वाट मोकळी करण्यासाठी जे काढून टाकलं जात होतं, तेच सांध्याला सांभाळत होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा कळीचा क्षण आहे, जरी तेव्हा या फ्रॅक्चरसाठी दुर्बिणीचा विचार फारसा कुणाच्या मनात नव्हता.

उघडून बघण्यापेक्षा न उघडलेलंच बरं, असं मानणाराही एक मोठा गट होता. ॲपली हे त्यातलं ठळक नाव. त्यांचं अस्थिरोगशास्त्राचं पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत पिढ्यानपिढ्या वाचलं गेलं आहे. १९५६ मध्ये त्यांनी साठ रुग्णांचा आढावा मांडला. नडगीतून पिन घालून पायाला वजनाने ओढ द्यायची आणि गुडघा लवकर हलवायला लावायचा, ही त्यांची पद्धत. एक्स-रेवर हाड थोडं वाकडं दिसलं तरी हालचाल टिकली, तर माणूस चालतो-फिरतो, असा त्यांचा अनुभव होता. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ मध्ये स्थापन झालेल्या एओ या शल्यचिकित्सकांच्या गटाचा विचार याच्या उलट होता: सांध्याचा पृष्ठभाग अगदी पहिल्यासारखा बसवा, प्लेट आणि स्क्रूने घट्ट धरा, मग हालचाल सुरू करा. दोन्ही बाजूंना तथ्य होतं. पृष्ठभाग नीट बसवायचा तर बघावं लागतं, आणि बघायचं तर कापावं लागतं. हा पेच सुटण्याची वाट बोस्टन किंवा बर्नमधून निघाली नाही, ती टोकियोतून निघाली, आणि तीही फ्रॅक्चरसाठी नव्हे.

जपानमध्ये त्या काळी गुडघ्याच्या क्षयरोगाचे रुग्ण खूप असत. हा रोग सांधा खाऊन टाकतो आणि शेवटी गुडघा ताठ होतो. खुर्चीवर बसणाऱ्या देशात ताठ गुडघा म्हणजे गैरसोय. जमिनीवर गुडघे मुडपून बसणाऱ्या, जेवणापासून पाहुण्यांच्या स्वागतापर्यंत सगळं बैठकीवर करणाऱ्या समाजात मात्र तो माणसाला घरातच परका करून टाकतो. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या, शेतात बसून निंदणी करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. रोग सुरुवातीलाच ओळखता आला तर गुडघा वाचेल, या आशेने टोकियो विद्यापीठातल्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली. आतलं दिसलं. १९२० मध्ये त्यांनी खास गुडघ्यासाठी यंत्र बनवलं, पण त्याचा व्यास ७.३ मिलिमीटर होता. रुग्णाच्या गुडघ्यात वापरायला ते फार जाड होतं. १९३१ पर्यंत त्यांनी ते ३.५ मिलिमीटरवर आणलं आणि सांध्यात पाणी भरून तो फुगवला, की आतलं स्वच्छ दिसतं, हे दाखवून दिलं. १९३६ पर्यंत गुडघ्याच्या आतली रंगीत छायाचित्रंही त्यांनी घेतली होती.

ताकागी एकटेच नव्हते. १९१२ मध्ये डॅनिश डॉक्टर सेव्हेरिन नॉर्डेनटॉफ्ट यांनी बर्लिनच्या शल्यचिकित्सकांच्या परिषदेत सांध्यात नळी घालून बघण्याची कल्पना मांडली होती. स्वित्झर्लंडच्या आराऊमधल्या ऑयगेन बिर्शर यांनी १९२१ मध्ये, पोट तपासायच्या यंत्राने आणि सांध्यात वायू भरून, रुग्णांचे गुडघे तपासल्याचं प्रसिद्ध केलं. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या जवळपास सगळ्या मोठ्या सांध्यांत नळी घालून त्यांचं वर्णन लिहिलं, आणि घोटा यासाठी फार अरुंद आहे असा निष्कर्षही काढला. पुढच्या पिढीने तो खोटा ठरवला. पण युरोप-अमेरिकेतले हे प्रयत्न एकेका माणसाच्या उत्साहावर चालले आणि त्याच्याबरोबर थांबले. टोकियोत मात्र गुरूमागून शिष्य उभा राहिला.

मासाकी वातानाबे हे ताकागींचे विद्यार्थी. युद्धानंतर टोकियोच्या तेइशिन हॉस्पिटलमध्ये त्यांनी काम पुन्हा हाती घेतलं. शहर जळालं होतं, साहित्याची टंचाई होती. पण जपानमध्ये भिंगांचा आणि कॅमेऱ्यांचा उद्योग वाढत होता आणि वातानाबे त्याच्याशी हातात हात घालून एकामागून एक यंत्रं बनवत गेले. प्रत्येकाला क्रमांक. ९ मार्च १९५५ रोजी त्यांनी दुर्बिणीतून बघत गुडघ्यातली एक गाठ काढली. बघण्याच्या यंत्राने उपचार करण्याची ही सुरुवात. १९५७ मध्ये त्यांनी सांध्यांच्या अंतर्भागाचा सचित्र ॲटलस काढला. त्यातली चित्रं चित्रकाराने हाताने रंगवलेली होती, कारण छायाचित्रं तेवढी स्पष्ट येत नव्हती. मग आलं क्रमांक २१ चं यंत्र, १९५९-६० च्या सुमारास. दृश्याचा कोन १०१ अंश आणि टोकाला चिमुकला दिवा. तो दिवा कधी कधी सांध्याच्या आतच फुटायचा, हा त्याचा मोठा दोष. तरीही जगात पसरलेली पहिली सांध्याची दुर्बीण तीच. ४ मे १९६२ रोजी वातानाबे यांनी बास्केटबॉल खेळताना गुडघा मुरगळलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गादीचा फाटलेला तुकडा दुर्बिणीतून काढला. सगळी गादी काढली नाही, फक्त फाटलेला भाग काढला. मुलगा सहा आठवड्यांत पुन्हा खेळायला लागला.

१९६४ मध्ये टोरांटोचे तरुण डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन फेलोशिपवर टोकियोत आले. आले होते ऊतिसंवर्धन शिकायला. त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या चमूचे डॉक्टर म्हणूनही त्यांनी काम केलं. वातानाबे यांचं नाव जपानबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. जॅक्सन त्यांच्याकडे दुर्बीण शिकायला लागले आणि मोबदल्यात त्यांना इंग्रजी शिकवत राहिले. परत जाताना क्रमांक २१ ची एक दुर्बीण त्यांनी बरोबर नेली. टोरांटोत सुरुवातीला हे काम बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नव्हतं. दोन इंच कापलं की सगळं दिसतं, मग किल्लीच्या भोकातून कशाला बघायचं, हा सवाल त्या काळी सर्रास केला जाई. जॅक्सन यांनी चिकाटीने नोंदी ठेवल्या आणि १९७२ मध्ये सलग दोनशे तपासण्यांचा अहवाल ईसाओ आबे यांच्यासह प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी फिलाडेल्फियात सांध्याच्या दुर्बिणीने काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पहिले अध्यक्ष अर्थातच वातानाबे.

त्याच टोरांटोत जोसेफ शॅट्झकर टिबियल प्लॅटोच्या फ्रॅक्चरचे रुग्ण मोजत आणि तपासत होते. १९६८ ते १९७५ या काळातल्या रुग्णांवरून त्यांनी १९७९ मध्ये सहा प्रकार मांडले. पहिला प्रकार, बाहेरची कड नुसती चिरलेली. दुसरा, चीर आणि खळगा दोन्ही. तिसरा, फक्त खळगा. चौथा आतल्या बाजूचा, पाचवा दोन्ही बाजूंचा आणि सहावा वरचा सगळा भाग नडगीच्या दांड्यापासून सुटलेला. आजही एमएसच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न चुकत नाही. एकाच शहरात एक डॉक्टर गुडघ्यात बघायला शिकवत होता आणि दुसरा तिथे काय काय मोडतं ते लिहून ठेवत होता. दोन्ही कामं एकत्र यायला मात्र थोडा वेळ लागला.

त्याचं कारण अगदी साधं होतं. दुर्बिणीला स्वच्छ पाणी लागतं आणि फ्रॅक्चर झालेला गुडघा रक्ताने भरलेला असतो. नळीला डोळा लावून बघणाऱ्या शल्यचिकित्सकाला लाल धुक्यापलीकडे काही दिसायचं नाही. ही अडचण तीन गोष्टींनी दूर केली: बाहेरून येणारा फायबरचा थंड प्रकाश, पडद्यावर चित्र दाखवणारा छोटा कॅमेरा, आणि रक्ताच्या गुठळ्या ओढून घेणारं फिरत्या पात्याचं उपकरण. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे सगळं हाताशी आलं. डोळा नळीवरून उठला, दोन्ही हात मोकळे झाले, सहायकालाही तेच दिसू लागलं. मोडलेल्या गुडघ्यात दुर्बिणीने काम करायचं तर हे आवश्यकच होतं.

पहिलं यश एका लहान फ्रॅक्चरमध्ये आलं. नडगीच्या सपाट भागाच्या मधोमध हाडाचा एक छोटा उंचवटा असतो. पुढचं क्रूशिएट लिगामेंट त्याच्या लगत बसलेलं असतं. सायकलवरून पडलेल्या मुलांत लिगामेंट तुटण्याऐवजी हा उंचवटाच उखडून वर येतो. मायर्स आणि मॅककीव्हर यांनी १९५९ मध्ये त्याचे प्रकार मांडले होते. बऱ्याचदा गादीची कड तुकड्याखाली अडकते आणि तो जागेवर बसत नाही. पाय कितीही सरळ केला तरी नाही. १९८२ मध्ये मॅकलेनन यांनी या फ्रॅक्चरमध्ये दुर्बिणीची जागा काय, हे मांडलं. अडकलेली गादी हुकाने बाजूला सारायची, तुकडा खाली दाबायचा आणि टाक्यांनी किंवा स्क्रूने धरायचा. छोट्या छिद्रांतून हे होतं. मुलाच्या सांध्याला मोठी चीर द्यावी लागत नाही.

मग १९८५ मध्ये व्हर्जिनियातल्या कॅस्पारी आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे जेनिंग्ज यांनी, टिबियल प्लॅटोच्या फ्रॅक्चरमध्ये दुर्बिणीचा वापर मांडला. या शस्त्रक्रियेची पायरी-पायरी आज बऱ्यापैकी ठरून गेली आहे. टेबलावर रुग्ण, मांडीवर रक्तप्रवाह रोखणारा टूर्निके पट्टा, वरती एक्स-रेचं सी-आर्म यंत्र. वाटीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना दोन छिद्रं. एकातून कॅमेरा आणि पाणी, दुसऱ्यातून हुक. पडद्यावर आधी सगळं लालच. पाणी सोडत, गुठळ्या ओढत, पाच-दहा मिनिटांत चित्र उजळतं. बाहेरची गादी हुकाने उचलली, की तिच्याखाली तो खळगा दिसतो. मोत्यासारख्या पांढऱ्या कूर्चेचा एक बेटासारखा तुकडा, आजूबाजूच्या पातळीपासून काही मिलिमीटर खाली गेलेला, कडा तुटलेल्या. क्रूशिएट लिगामेंट बसवण्याच्या शस्त्रक्रियेत वापरतात तो मार्गदर्शक दांडा इथे उसना घेतात. त्याचं टोक खळग्याच्या मध्यावर टेकवायचं आणि खालून नडगीच्या बाजूने एक तार त्याच दिशेने वर न्यायची. तारेच्या मार्गाने हाडात छोटी खिडकी करून एक बोथट ठोकणी आत घालतात आणि खालून हलकेच ठोकतात. पडद्यावर खळगा हळूहळू वर येतो. एक ठोका जास्त झाला तर पृष्ठभाग जास्तच वर येईल, म्हणून शल्यचिकित्सकाची नजर ठोकणीवर नसते, पडद्यावर असते. पातळी जुळली की खाली झालेली पोकळी भरायची. त्यासाठी कमरेच्या हाडातून घेतलेलं स्पंजासारखं हाड किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा पर्याय वापरतात. शेवटी पृष्ठभागाखाली आडवे स्क्रू, छताखालच्या वाशांसारखे. जाता जाता गादीची कड फाटली असेल, तर तीही टाक्यांनी शिवली जाते.

खरा लाभ छोट्या व्रणाचा नाही, तो या शेवटच्या वाक्यात आहे. २००५ मध्ये गार्डनर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेला आलेल्या १०३ रुग्णांच्या एमआरआय प्रतिमा तपासल्या. त्यांच्यापैकी ९१ टक्के रुग्णांच्या बाहेरच्या गादीला इजा होती. लिगामेंट किंवा गादी कशालाच धक्का न लागलेला रुग्ण फक्त एक होता. हाड जोडून रुग्णाला घरी पाठवणाऱ्या कितीतरी डॉक्टरांना आपण अर्धाच गुडघा दुरुस्त करतो आहोत, हे आधी दिसतच नव्हतं. दुर्बीण आत गेल्याने ते दिसलं, आणि पूर्वी वाट मोकळी करण्यासाठी कापून फेकली जाणारी गादी जागच्या जागी शिवली जाऊ लागली. फेअरबँक यांच्या एक्स-रेंना मिळालेलं उत्तर मला यातच दिसतं.

मात्र पाणी हा दुधारी मामला आहे. सांधा मोडलेला असला, की सांध्याभोवतीचं आवरणही फाटलेलं असतं. दाबाने सोडलेलं पाणी या फटीतून पोटरीच्या स्नायूंत जातं आणि तिथे दाब वाढतो. दाब फार वाढला तर रक्तपुरवठा थांबतो आणि स्नायू मरतो. डॉक्टर याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात आणि त्यात पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. १९९७ मध्ये बेलेंजर आणि फॅडेल यांनी दुर्बिणीनंतर असा कंपार्टमेंट सिंड्रोम झाल्याची घटना नोंदवली. म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक पंपाऐवजी उंच टांगलेल्या बाटलीतलं पाणी वापरतात, दाब कमी ठेवतात, काही जण तर सुरुवातीची तपासणी पाण्याविना कोरडीच करतात. सूज उतरेपर्यंत काही दिवस थांबणंही बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं. शस्त्रक्रिया चालू असताना पोटरी चाचपून बघायला एक माणूस मोकळा हवा. रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे किरकोळ’ असं समजू नये, ते याचसाठी.

कोणत्या फ्रॅक्चरला दुर्बीण लावायची, हेही आता बरंच स्पष्ट आहे. शॅट्झकर यांचे पहिले तीन प्रकार तिच्या खास कामाचे. चौथ्यात अनुभवी हात काही वेळा तिचा उपयोग करतात. पाचव्या-सहाव्यात हाड इतकं विखुरलेलं असतं, की प्लेटशिवाय गत्यंतर नाही आणि पाणी सांडण्याचा धोकाही मोठा. तिथे उघडूनच काम करावं लागतं. काही जण प्लेट बसवल्यानंतर सांध्यात फक्त एकदा डोकावून पृष्ठभाग नीट बसला का ते तपासतात. मागच्या कोपऱ्यातला खळगा तर पुढून शिरलेल्या दुर्बिणीला नीट दिसतच नाही. त्यासाठी आधी सीटी स्कॅन लागतो आणि कित्येकदा गुडघ्याच्या मागच्या बाजूने शस्त्रक्रिया करावी लागते. दुर्बीण आणि खुली पद्धत यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत साध्या प्रकारांचे हालचालीचे निकाल बऱ्याचदा एकमेकांच्या जवळपास येतात. फरक दिसतो तो गादीची जखम वेळेवर सापडण्यात आणि गुडघा लवकर हलवायला धीर येण्यात.

शस्त्रक्रियेनंतर अनेक ठिकाणी गुडघा वाकवायला लवकरच सुरुवात केली जाते, पण पायावर पूर्ण वजन टाकायला साधारण दोन-तीन महिने थांबावं लागतं, कारण खालून भरलेलं हाड तोपर्यंत पक्कं होत नाही. आपल्याकडचे रुग्ण डॉक्टरांना पहिल्यांदा विचारतात ते मांडी घालता येईल का. बसता येणं हे खळगा किती खोल होता, गादी शिवली होती का आणि व्यायाम किती नेटाने केला, यावर ठरतं. फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर गुडघा रोज थोडा थोडा वाकवत हा हिशेब महिनोन्महिने चालतो.